शहरातली मेलेली नदी जिवंत करताना कामांचा क्रम कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरातून आठेक किलोमीटर वाहणारी नदी पावसाळा सरला की काळी पडते, तिला घाण वास येतो. सुधारणेच्या आराखड्यात पाच कामं आहेत: पात्रात तरंगती कारंजी, नाल्यांमध्ये जिवाणूंचं द्रावण, गाळ उपसणं, दोन्ही काठांना भिंती आणि पात्र भरलेलं दिसावं म्हणून खालच्या बाजूला बंधारा. यातलं आधी कोणतं करावं?

यातलं एकही काम पहिलं नाही. गाळाचं काम योग्य वेळी करावं लागेल. कारंजी फक्त तात्पुरत्या संकटासाठी राखून ठेवावीत. जिवाणूंवर पैसे घालवू नयेत. भिंत आणि बंधारा या दोन कामांनी नदीची तब्येत सुधारण्याऐवजी बिघडते, म्हणून ती आराखड्यातून काढूनच टाकावीत. पहिलं काम आहे कोरड्या हंगामात नदीला मिळणारा प्रत्येक नाला, प्रत्येक पाइप मोजणं, आणि ते झाल्याशिवाय निविदा काढू नये.

मोजणी म्हणजे नकाशावर ठिपके देणं नव्हे. सलग तीन दिवस पाऊस नसताना दोन्ही काठांनी पायी फिरायचं. या काळात पावसाळी गटारातून जे काही वाहतं ते पावसाचं पाणी नसतंच. ते मैलापाणी असतं, कारखान्याचं असतं, फुटलेल्या नळाचं असतं किंवा जमिनीतला पाझर असतो. प्रत्येक तोंडाशी जागा, पाइपचा व्यास, प्रवाह, तापमान, विद्युतवाहकता आणि अमोनिया नोंदवायचा. वाहकता आणि अमोनिया दोन्ही जास्त असतील तर मैला. वाहकता खूप जास्त पण अमोनिया नगण्य असेल तर बहुधा उद्योगाचं पाणी. दोन्ही कमी असतील तर गळका नळ किंवा झरा, आणि झरा असेल तर तो जपायचा. सर्वेक्षणात झरे सापडतात आणि पुढे तेही मैलावाहिनीला जोडून टाकले जातात. कोरड्या महिन्यांत नदीकडे स्वतःचं म्हणावं असं स्वच्छ पाणी तेवढंच असतं.

छोट्या पाइपचा प्रवाह बादली आणि स्टॉपवॉचने मोजता येतो. नाल्यासाठी पत्र्याची ९० अंशांची व्ही-खाच असलेली आडवी फळी लावावी, कडा मातीच्या पोत्यांनी बंद कराव्यात आणि पाणी खाचेतून मोकळं खाली पडतंय ना हे पाहावं. खालचं पाणी फुगून खाचेपर्यंत येत असेल तर मोजमाप चुकतं. पाण्याची उंची खाचेच्या तळापासून मोजायची, पण ती खाचेपाशी न मोजता, त्या उंचीच्या तीन-चार पट अंतर मागे जाऊन. ही उंची मीटरमध्ये घेऊन तिचा २.५ वा घात काढला आणि त्याला १.३८ ने गुणलं की सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहतं ते मिळतं. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ४.४ लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास पावणेचार लाख लिटर. उंची २० सेंटिमीटर झाली की प्रवाह साडेपाच पटींहून वाढतो, त्यामुळे सेंटिमीटरभराची चूकही महागात पडते. नोंद चोवीस तास, दर तासाला. मैलापाणी सकाळी फुगतं आणि पहाटे ओसरतं. सकाळी अकराला एकदाच घेतलेला आकडा दुपटीनेही चुकू शकतो.

आता या आकड्यांचं करायचं काय? भार काढायचा. दिवसाला दशलक्ष लिटर, म्हणजे एमएलडी, हा प्रवाह आणि लिटरमागे मिलिग्रॅम ही तीव्रता यांचा गुणाकार केला की थेट दिवसाचे किलो मिळतात. उदाहरणादाखल धरू की कोरड्या हंगामात नदीत सेकंदाला अर्धा घनमीटर, म्हणजे ४३ एमएलडी पाणी आहे आणि शहरात शिरताना त्याची बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. ती ३ च्या वर जाऊ द्यायची नसेल, तर नदीत दिवसाला साधारण ६५ किलो बीओडीची जागा उरते. कच्च्या मैलापाण्याची बीओडी २०० धरली, तर ही जागा एक तृतीयांश एमएलडीतच भरते. वर सांगितलेला, खाचेवरून १० सेंटिमीटर वाहणारा एकटा नाला सगळ्या नदीची ऐपत संपवतो. हा फक्त मिसळण्याचा हिशोब आहे. वाहता वाहता नदी थोडं शुद्धीकरण स्वतः करते. पण आकड्यांचा आवाका लक्षात यावा. ‘८० टक्के नाले अडवले’ असं ऐकलं की बरं वाटतं, पण उरलेल्या २० टक्क्यांत असे दहा नाले असतील तर नदी काळीच राहणार.

याच हिशोबावर कारंजी आणि जिवाणू तपासून पाहा. नदीत रोज ५ एमएलडी कच्चं मैलापाणी येत असेल तर बीओडीचा भार १,००० किलो. त्यात अमोनियाच्या रूपात लिटरला ३५ मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर तो दिवसाला १७५ किलो होतो. अमोनियाचं नायट्रेट होताना नायट्रोजनच्या दर किलोमागे ४.५७ किलो प्राणवायू लागतो, म्हणजे आणखी ८०० किलो. रोज १,८०० किलो प्राणवायू पाण्यात विरघळवायचा, आणि चांगली यंत्रंही प्रत्यक्षात विजेच्या युनिटमागे एक-सव्वा किलोच विरघळवतात. म्हणजे साठेक किलोवॅटची यंत्रं अखंड चालवावी लागतील, तीही पाणी तिथे पुरेसा वेळ थांबत असेल तरच. कारंज्याच्या दोन-तीन किलोवॅटच्या मोटरीने तुषार उडतील, एवढंच. उथळ जागी तर ती तळाचा गाळ ढवळते आणि प्राणवायू आणखी खाली नेते. वायुवीजनाची, म्हणजे पाण्यात हवा मिसळण्याची, खरी जागा कोणती, हे लंडनच्या थेम्स नदीवर दिसतं. वादळी पावसात मैलावाहिन्या ओसंडल्या की मासे गुदमरू नयेत म्हणून तिथे १९८८ पासून दिवसाला ३० टनांपर्यंत प्राणवायू सोडू शकणारं जहाज वापरात आलं. शुद्धीकरण केंद्रांवरचं काम आधी झालेलं होतं. जहाज हा त्यावरचा आणीबाणीचा उपाय होता.

जिवाणूंच्या द्रावणाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. मैलापाण्यात जिवाणू मुबलक असतात. कमी असतो तो प्राणवायू आणि वेळ. दोन किलोमीटरचा नाला सेकंदाला ०.३ मीटर वेगाने वाहत असेल तर पाणी दोन तासांच्या आत नदीत पोचतं, आणि ओतलेले जिवाणूही त्याच्याबरोबर वाहून जातात. शुद्धीकरण केंद्रात हेच जिवाणू काम करतात, कारण तिथे हवा दिली जाते, पाणी तासन् तास थांबतं आणि खाली बसलेला जिवाणूंचा गाळ पुन्हा टाकीत परत आणला जातो. वास काही दिवस कमी झाला तर त्याचं श्रेय द्रावणाला देण्याआधी त्या आठवड्यातला प्रवाह आणि तापमान पाहावं.

वनस्पतींचं शुद्धीकरण, म्हणजे खडी-वाळूच्या थरातून वेत-बोरूसारख्या पाणवनस्पतींच्या मुळांमधून पाणी नेणं, हे मात्र खरोखर चालतं. फक्त त्याला जागा लागते. आडव्या प्रवाहाच्या पद्धतीत माणशी साधारण पाच चौरस मीटर धरावेत, म्हणजे दहा हजार वस्तीला पाच हेक्टर. आधी गाळ बसवणारी टाकी नसेल तर खडीची तोंडं बुजतात आणि पाणी वरून वाहू लागतं. लहान, एकट्या नाल्यासाठी हा उत्तम उपाय आहे. शहराच्या मुख्य नाल्यासाठी नाही.

नाले अडवून काठाने मोठी मैलावाहिनी टाकणं हा सर्वांत रुळलेला मार्ग. तो कुठे फसतो तेही माहीत असायला हवं. नाल्याच्या तोंडाशी अडवणूक केली की पहिल्याच हंगामात तिथे वाळू आणि प्लास्टिक साचतं, जाळी तुंबते आणि सगळं पाणी वरून नदीत जातं. पंप असेल तर वीज गेल्यावर तेच. म्हणून जाळीच्या आधी वाळू बसायला खड्डा, तिथपर्यंत यंत्र पोचेल असा रस्ता, राखीव पंप आणि पर्यायी वीज या चार गोष्टी नसतील तर ते बांधकाम पूर्ण झालं असं धरू नये. काठावरची वाहिनी पुराच्या पाण्यात बुडते. झाकणं पाणबंद नसतील तर नदीच वाहिनीत शिरते आणि केंद्रावर पातळ पाण्याचा लोंढा येतो. आणखी एक गोष्ट जवळजवळ नेहमी विसरली जाते. सगळे नाले उचलून पाणी पंधरा किलोमीटर खाली नेलं तर शहरातलं पात्र कोरडं पडतं. एका मोठ्या केंद्रापेक्षा नदीलगत तीन-चार मध्यम केंद्रं बांधून शुद्ध पाणी त्याच भागात परत सोडणं माझ्या मते बहुतेक शहरांत जास्त योग्य ठरतं, चालवायला माणसं जास्त लागली तरी.

नाल्याच्या तोंडाशी अडवणूक हा तरीही तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे वरच्या बाजूला चुकीच्या जोडण्या शोधणं: स्वयंपाकघराचं, धुण्याचं, कधी अख्ख्या इमारतीचं सांडपाणी पावसाळी गटारात सोडलेलं असतं. संशयित घराच्या संडासात फ्लुरेसिनचा हिरवा रंग टाकून पुढे मैलावाहिनीच्या आणि पावसाळी गटाराच्या, दोन्ही झाकणांत पाहायचं. पावसाळी गटारात हिरवं दिसलं की जोडणी सापडली. वाहिनीत धूर सोडला तर तो कुठल्या पन्हाळीतून, जाळीतून बाहेर येतो त्यावरून पूर्ण गल्लीचा नकाशा मिळतो. कारखान्यांच्या बाबतीत दिवसा घेतलेला एक नमुना काहीच सांगत नाही, कारण सोडायचं ते रात्री सोडलं जातं. मैलावाहिनीच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत थर वाढतो त्यात धातू साठत जातात. तो खरवडून प्रत्येक जोडाच्या वर आणि खाली तपासला की क्रोमियम, निकेल, तांबं कुठल्या फांदीतून येतंय ते कळतं. एका रात्रीत लपवता येईल असा हा पुरावा नाही.

आता शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल, कारण कोरड्या हंगामात शहरी नदीत निम्मं किंवा त्याहून जास्त पाणी तेच असतं. वरच्याच उदाहरणात ४० एमएलडी शुद्ध पाणी १० बीओडीने सोडलं तर मिसळून नदी ५.६ वर जाते; ५ बीओडीने सोडलं तर ३.२ वर राहते. पण बीओडीपेक्षाही अमोनियाकडे लक्ष द्या. मासे मारतो तो अमोनियाचा वायुरूप भाग, आणि तो पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्यावर, अवलंबून असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर, ९ असेल तर एक तृतीयांशाहून जास्त. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात भर दुपारी पीएच ९ पर्यंत चढतो. म्हणून प्राणवायू भरपूर असलेल्या उन्हाच्या वेळीही मासे तडफडून वर येतात आणि कारण लक्षात येत नाही. केंद्रात नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, नीट व्हायला टाकीत लिटरला किमान २ मिलिग्रॅम प्राणवायू, जिवाणूंच्या गाळाचं पुरेसं वय आणि क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, लागते. नायट्रोजनच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. वीज वाचवायला रात्री हवा देणारे ब्लोअर बंद ठेवणं हे अमोनिया चढण्याचं नेहमीचं कारण. आणि शेवटी क्लोरीन मारून पाणी नदीत सोडत असाल तर थांबा: लिटरला ०.०२ मिलिग्रॅम इतकं उरलेलं क्लोरीनही जलचरांना घातक ठरतं. एकतर सोडियम बायसल्फाइटने ते संपवावं किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण करावं.

पावसाचं गणित वेगळं. कोरड्या महिन्यांनंतरचा पहिला जोरदार पाऊस गटारांत साचलेला मैला, रस्त्यावरचं तेल आणि टायरची भुकटी एका तासात नदीत आणतो, आणि वर्षातली सर्वांत मोठी मासेमर अनेकदा त्या दिवशी होते. टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन हे अमेरिकेतले कोहो सॅमन मासे मरण्यामागचं कारण असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. तोवर ते मरण कोडंच होतं. एक हेक्टर पक्क्या जमिनीवरचा पहिला १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० घनमीटर पाणी. एवढं अडवायला खोलगट बागा, झिरपचर, टाक्या जिथे जागा मिळेल तिथे कराव्यात. जुन्या, मैला आणि पाऊस एकाच वाहिनीतून नेणाऱ्या शहरांना हे फार महाग पडतं: पॅरिसला सीन नदीसाठी ५०,००० घनमीटरची टाकी बांधावी लागली, लंडनला थेम्सखालून २५ किलोमीटरचा बोगदा. पाऊस येण्याआधी गटारं आणि वाहिन्या उपसणं हे मात्र कोणत्याही शहराला लगेच करता येतं.

गाळाचा क्रमांक इथे येतो, आधी नाही. मैला येत असताना काढलेला गाळ एक-दोन हंगामांत परत भरतो. आधी सळईने दर पन्नास मीटरवर जाडी मोजा, नळीने उभे नमुने काढा, धातू आणि तेल तपासा. काळ्या गाळात धातू सल्फाइडला बांधलेले असतात. तो काठावर उघडा टाकला की हवा लागून सल्फाइड मोडतं, आम्ल तयार होतं आणि धातू पावसाबरोबर परत नदीत. म्हणून गाळ पाणी झिरपणाऱ्या कापडी नळ्यांत निथळून, निथळ पुन्हा शुद्ध करून, तपासणीनुसार ठरलेल्या जागीच न्यायचा. ऐन उन्हाळ्यात उपसू नका. हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया एकदम सुटतो आणि खालच्या दोन-तीन किलोमीटरमधले मासे जातात. जिथे वाळू-खडी उघडी आहे तिथे हात लावू नका. पात्र एकसारखं खोल आणि सपाट खणणारा कंत्राटदार नदीचा उरलासुरला तळ घेऊन जातो.

भिंत आणि बंधारा का नको? प्रवाहातून हवेचा प्राणवायू किती वेगाने मिसळतो याचं ओ’कॉनर-डॉबिन्स यांचं सूत्र सांगतं की तो दर वेगाच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो आणि खोलीच्या दीडाव्या घाताप्रमाणे घटतो. बंधाऱ्याने खोली दुप्पट केली तर तेवढ्याच रुंदीत वेग निम्मा होतो, आणि हा दर चौथाईवर येतो. वर गाळ बसतो, डास होतात, जलपर्णी पसरते. भिंतीने नदीचा काठ तुटतो, म्हणजे अंडी घालण्याच्या, लपण्याच्या, सावलीच्या जागा जातात आणि पूर खालच्या वस्तीवर ढकलला जातो. उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. काँक्रीट काढून नैसर्गिक काठ केला की मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक ०.०१५ वरून ०.०४ च्या आसपास जातो आणि तोच पूर वाहून न्यायला जवळपास पावणेदोन ते दोनपट आडछेद लागतो. जागा मिळवल्याशिवाय काँक्रीट फोडू नका. जागा असेल तर कोरड्या हंगामासाठी अरुंद खोल पात्र, त्याच्या दोन्ही बाजूंना पुरासाठी रुंद सखल पायरी, काठाचा उतार एकास तीन किंवा त्याहून सौम्य, आणि खळाळ व डोह यांची आलटून पालटून रचना. दोन खळाळांतलं अंतर पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट ठेवावं. नदी मोकळी सोडली तर स्वतःही साधारण तेवढंच ठेवते.

हा क्रम पाळणारं एक मोठं उदाहरण म्हणजे जर्मनीतली एम्शर नदी. शंभरेक वर्षं ती उघडं गटार म्हणून वापरली गेली. १९९२ मध्ये काम सुरू झालं, ५१ किलोमीटरची मुख्य भूमिगत वाहिनी आणि केंद्रं बांधली, आणि २०२१ च्या शेवटी नदी मैलामुक्त झाली. पात्राला वळणं देणं आणि काँक्रीट काढणं प्रत्येक भागात मैला थांबल्यानंतरच केलं. म्युनिकमध्ये इसार नदीचं आठ किलोमीटर पात्र २००० ते २०११ या काळात मोकळं केलं. दक्षिण कोरियातल्या सोलचा, झाकून टाकलेला चोंग्येचॉन ओढा २००५ मध्ये उघडला गेला, पण त्यात पाणी मुख्यतः पंपाने आणून सोडलं जातं. शहराला तो हवाच होता, तरी नदी पुनरुज्जीवनाचा नमुना म्हणून त्याची नक्कल करू नये.

यश कशाने मोजायचं? पाणी नितळ दिसण्याने नाही. प्राणवायू पहाटे, उजाडण्याआधी मोजा. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू तो वापरतात, त्यामुळे लिटरमागे दुपारचा ९ मिलिग्रॅमचा आकडा आणि पहाटेचा दीड मिलिग्रॅमचा आकडा एकाच जागेचे असू शकतात. पहाटेचा आकडा ४ मिलिग्रॅमच्या खाली येत नसेल तर पुढची पायरी. तळातले कीटक पाहायला अर्ध्या मिलिमीटरची जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून तिच्यापुढची खडी पायाने तीन मिनिटं ढवळायची. जाळीत नुसते लाल धाग्यासारखे ट्युबिफेक्स जंत आणि लाल अळ्या असतील तर नदी अजून आजारी आहे. मेफ्लायची पिल्लं, शेपटाला दोन-तीन बारीक केस आणि पोटाच्या बाजूंना हलणारे कल्ले असलेली, दिसू लागली की महिनोन् महिने पाणी बरं राहिलं आहे. एखाद्या रात्रीच्या विषारी सोडणुकीनेही ती जातात, म्हणून ती चोवीस तासांच्या यंत्रापेक्षा खरी साक्ष देतात. मैला थांबल्यावर प्राणवायू आठवड्यांत सुधारतो, कीटकांना वर्ष-दोन वर्षं लागतात, माशांना त्याहून जास्त.

मासे विकत आणून सोडू नका. डास खाण्यासाठी गॅम्बुसिया किंवा भराभर वाढतो म्हणून तिलापिया सोडला तर स्थानिक माशांची अंडी-पिल्लं त्यांच्या पोटात जातात आणि ते परत काढता येत नाहीत. थेम्स १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत ठरवली गेली होती. केंद्रं सुधारल्यावर १९७४ मध्ये तिथे पुन्हा सॅमन सापडला. पुढे अनेक वर्षं पिल्लं सोडूनही त्याची स्वतः टिकणारी वस्ती काही झाली नाही, तर दुसऱ्या कित्येक जाती न सोडता आपणहून परतल्या. म्हणून वरच्या बाजूचे चांगले ओढे आणि शहरातलं पात्र यांच्यामधले अडथळे शोधा: जुना छोटा बंधारा, पुलाखालची काँक्रीटची उडी, बंद पाइप. तीस सेंटिमीटरची उभी उडीही लहान माशांना पार होत नाही. गरज संपलेला बंधारा पाडावा. पाडता येत नसेल तर त्याच्या खाली दगडांचा उतार करावा, वीस ते तीस मीटर लांबीत एक मीटर चढ इतका सौम्य, मध्ये विसाव्याचे छोटे डोह ठेवून, आणि कोरड्या हंगामातलं सगळं पाणी एकाच अरुंद पन्हाळीतून जाईल असा. नाहीतर ते दगडांवर पातळ पसरतं आणि मासा चढू शकत नाही.